बावखलाची चिठ्ठी

आमच्या घरात चिठ्ठीचं प्रस्थ फार होतं. दोन भावांचं एखाद्या गोष्टीवर जमेना की भांडण वाढवायचं नाही, देवीपुढे चिठ्ठी टाकायची, अशी आजोबांच्याही आधीपासूनची रीत. अंगणातला फणस कुणाच्या वाट्याला, मागची पडवी कुणाची, म्हशीचं पहिलं चीक-दूध कुणाच्या चुलीवर, सगळं चिठ्ठीने ठरलेलं. चिठ्ठी उचलायची ती घरातल्या लग्न न झालेल्या मुलीने, आणि एकदाच. देवीला दुसऱ्यांदा विचारणं म्हणजे तिच्या तोंडावर तिला खोटं पाडणं. माझं नावसुद्धा असंच आलं. अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, सुनंदा हवं होतं, भाऊकाकांना वनिता. माझ्या आत्याने चिठ्ठी उचलली आणि मी वनिता झाले. अण्णा एका शब्दाने कुरकुरले नाहीत, पण त्यांनी मला जन्मभर वनिता अशी हाकही मारली नाही. ते मला ‘बाय’ म्हणायचे. माणूस हरलं तरी आपली एक खिडकी उघडी ठेवतं, हे मला फार उशिरा कळलं.

वसईत सांडोरला आमची केळीची बाग होती. मोठी नव्हे, पण दोन भावांची दोन चुलींची घरं तिच्यावर नीट चालत. बागेच्या वरच्या अंगाला बावखल होतं. वसईबाहेरच्या माणसाला तळं म्हटलं की कळेल, पण ते तळं नव्हतं. आमच्या जुन्या माणसांनी हातांनी खणलेला तो खोल खड्डा. पावसाचं पाणी त्यात साठायचं, हळूहळू जमिनीत मुरायचं आणि बाजूच्या विहिरीला वर्षभर गोडं पाणी द्यायचं. समुद्र हाकेच्या अंतरावर, तो खालून सारखा आत यायला बघतो. बावखलातलं गोडं पाणी त्याला वरून दाबून धरतं, असं अण्णा सांगायचे. सांगताना दोन्ही तळवे एकावर एक ठेवून दाबून दाखवायचे. सकाळी जाग यायची ती पंपाच्या आवाजाने, मग पाटातून पाणी धावल्याचा आवाज, मग आईच्या तव्यावर पानगी चरचरल्याचा. केळीच्या पानात थापलेली ती तांदळाची पानगी, कडेने जरा करपलेली, तिच्याबरोबर गूळ. उन्हाळ्यात राजेळी केळी सोलून आई मांडवावर सुकेळी वाळत घालायची आणि सगळ्या अंगणाला मधासारखा वास सुटायचा. संध्याकाळी बावखलातले बेडूक असे ओरडायचे की काकू म्हणायची, ‘यांच्या घरी रोजच लगीन.’

आमच्या घरात कॉम्प्युटर आणला तो निलेशदादाने, भाऊकाकांच्या मुलाने. तो अंधेरीला नोकरीला होता. कुठल्या तरी ऑफिसातून निघालेला जुना कॉम्प्युटर त्याने रिक्षात मांडीवर धरून आणला आणि ओटीवर टेबल मांडून बसवला. त्यात एक गेम होता. एक बेट, त्यावर गाव वसवायचं. विहिरी खणायच्या, शेतं करायची, माणसं वाढवायची. दर वर्षी पाऊस किती पडणार, ते कॉम्प्युटर फासे टाकून ठरवायचा. पहिल्या वर्षीच माझं गाव दुष्काळात गेलं. पडद्यावरची अंगठ्याएवढी माणसं विहिरीभोवती जमून एकेक करून नाहीशी झाली आणि मी खरोखर रडले. निलेशदादा हसत म्हणाला, ‘अगं येडी, पावसाच्या आधी सेव्ह करून ठेवायचं. दुष्काळ पडला की मागचं उघड. परत पाऊस पाड. सात-आठदा केलंस की एकदा तरी चांगला पडतोच.’

त्या एका वाक्याने माझी बुद्धी फिरली. खरंच सांगते. मी तेव्हा चौदा-पंधरा वर्षांची असेन. त्या उन्हाळ्यात माझ्या बेटावर ना कधी दुष्काळ पडला ना पूर आला. कारण जे पडायचं ते मी पडूच दिलं नाही. वाईट काही झालं की मागे जायचं आणि नशिबाला पुन्हा हात घालायला लावायचा. मला वाटायला लागलं, जगातली माणसं उगाच रडतात, यांना सेव्ह करणं सुचत नाही एवढंच. त्याच वर्षी शाळेत ‘पाणी: जगापुढील प्रश्न’ या विषयावर मी भाषण केलं आणि दुसरं बक्षीस आणलं. आफ्रिकेतल्या बायका किती मैल चालून पाणी आणतात, ते मी हातवारे करून सांगितलं. बाईंनी पाठ थोपटली. घरी आले तर अण्णा आणि भाऊकाका एकमेकांशी बोलत नव्हते.

झालं होतं असं की निलेशदादाचं लग्न ठरत होतं. मुलीकडच्यांची एकच अट, मुलाची स्वतःची पक्की जागा हवी. भाऊकाकांच्या डोक्यात कुणीतरी भरवलं की बावखल बुजवा. रस्त्याला लागून आहे, बांधणारा भरावही स्वतःच आणून टाकेल, वर चार मजले उभे राहतील, त्यातली एक जागा निलेशला. गावात बाकीच्यांनी नाही का बुजवली? डास तेवढे होतात त्या डबक्यात. भाऊकाका दुष्ट नव्हते. मुलाचं लग्न मोडायच्या भीतीने त्यांची झोप उडाली होती, आणि घाबरलेल्या माणसाला समोरचं तेवढंच दिसतं. पण बावखल दोघांच्या नावावर होतं. अण्णांची सही लागणार होती आणि अण्णा ‘नाय’ म्हणत होते.

‘नाय म्हणजे का नाय? कारण तरी सांग,’ भाऊकाका ओरडायचे.

‘कारण तुला ठाऊक हाय,’ अण्णा म्हणायचे. ‘विहीर जाईल.’

‘विहीर गेली तर नळ येईल! जग कटे चाललंय आणि तू बेडूक राखत बस.’

असं चार महिने चाललं. अण्णा वाद घालणारे नव्हतेच. ते फक्त ‘नाय’ म्हणायचे आणि कोयता घेऊन बागेत जायचे. पण घर चिरत गेलं. काकूने आमच्याकडे कालवण पाठवणं बंद केलं. आई सुकेळ्यांतला त्यांचा वाटा डब्यात भरून ठेवायची आणि तो डबा तसाच राहायचा. निलेशदादा माझ्याशी बोलेना. एकदा ओटीवर मी गेमला बसले होते, तर त्याने काही न बोलता कॉम्प्युटरची वायर काढली. अण्णा जेवताना ताटाकडेही बघायचे नाहीत. त्यांचा तो ‘नाय’ दिवसेंदिवस बारीक होत चालला होता. मला धास्ती होती की एक दिवस तो संपणार. विहीर जाईल, बाग जाईल आणि आपण भाषणात सांगितलेल्या बाया आपल्याच घरात येऊन उभ्या राहतील. मला काहीतरी करायचं होतं. काहीही.

मग मला युक्ती सुचली. केळीच्या बागेत वाढलेल्या पोरीलाच सुचेल अशी. केळीचा चीक कापल्यावर पाण्यासारखा स्वच्छ असतो, पण थोड्या वेळाने त्याचा तपकिरी डाग होतो आणि तो जन्मात जात नाही. आमच्या घरातला एकही सदरा बिनडागाचा नव्हता. चिठ्ठ्या नेहमी मीच लिहायचे, माझं अक्षर चांगलं म्हणून. ‘राखायचं’ लिहिलेल्या चिठ्ठीला बाहेरून चिकाचा एक ठिपका लावायचा. लावताना कुणाला दिसणार नाही आणि उचलायच्या वेळी मला दिसेल. मी वहीच्या पाठच्या पानावर ठिपके लावून पाहिले, प्रत्येकापुढे वेळ लिहिली. अर्ध्या तासाचा, तासाचा, दोन तासांचा. तासाभराचा बरोबर जमत होता. भूगोलाच्या वहीवर मी माझं नशीब सेव्ह करत होते म्हणा ना.

मग अण्णांकडे गेले. ते विहिरीच्या काठावर बसून पंपाचा पट्टा बसवत होते.

‘अण्णा, देवीपुढे चिठ्ठी टाकूया ना.’

त्यांनी मान वर केली नाही. ‘कसली चिठ्ठी?’

‘बावखलाची. मग भांडण तरी मिटेल. घरात कुणी बोलत नाय हो.’

‘आणि बुजवायची आली तर?’

‘नाय येणार,’ मी म्हटलं. मग घाईने, ‘देवीला कळतं ना सगळं.’

अण्णा बराच वेळ पट्ट्याकडेच बघत राहिले. तीन दिवस गेले. चौथ्या दिवशी त्यांनी माझी वही मागितली, पंपवाल्याचा नंबर लिहून ठेवायला. संध्याकाळी ती जागेवर आणून ठेवली आणि पडवीत जाऊन भाऊकाकांना म्हणाले, ‘टाका चिठ्ठी. बाय उचलेल.’

भाऊकाकांचे डोळे भरून आले आणि त्यांनी अण्णांच्या खांद्यावर हात ठेवला. काकूने त्या दिवशी कितीतरी महिन्यांनी आमच्याकडे केळफुलाची भाजी पाठवली. आईने ती वाढली आणि आम्ही सगळे जेवलो. मला आठवतं, मी फार खूश होते.

चिठ्ठीच्या दिवशी सकाळी मी दोन सारखे कागद फाडले, एकावर ‘राखायचं’ लिहिलं, एकावर ‘बुजवायचं’. निलेशदादाने दोन्ही बघितल्या, त्यानेच घड्या घातल्या. तो आंघोळीला गेला तेव्हा मी कुठली कुठे ते उलगडून पाहिलं, न्हाणीमागच्या केळीला नखाने चीर पाडून ‘राखायचं’च्या घडीला एक ठिपका लावला आणि दोन्ही चिठ्ठ्या देवीपुढच्या पितळी ताटलीत ठेवल्या. पूजा व्हायला अजून तासभर होता. माझी छाती धडधडत होती, पण भीतीने नव्हे. जिंकायच्या आधी धडधडते तशी.

मग काकू आली. नैवेद्याला ताटली लागत होती. तिने हातासरशी नुकत्याच कापलेल्या केळीच्या बुंध्याचं एक ओलं सोपट सोललं. खोलगट, पांढरंशुभ्र, वाटीसारखं. त्यात दोन्ही चिठ्ठ्या ओतल्या. ‘देवीला पितळीपेक्षा घरचं ताजं बरं,’ ती म्हणाली. मी तिथेच उभी होते. ‘काकू, नको’ असं म्हणायला मला तोंड होतं. पण का नको, ते काय सांगणार होते? सोपटातून चीक पाझरत होता. आरती चालली, देवीची ओटी भरली, भाऊकाकांनी गाऱ्हाणं घातलं. ते गाऱ्हाणं संपता संपेना. मग अण्णा म्हणाले, ‘बाय, उचल.’

रीत अशी की डोळे मिटायचे. मी पापण्यांच्या फटीतून पाहिलं. दोन्ही चिठ्ठ्यांना डाग पडले होते. एकीला तीन, दुसरीला दोन आणि एक मोठा ओघळ. माझा ठिपका त्यांत कुठला होता ते देवीलाच ठाऊक. माझा हात सोपटावर थांबला. कुणीतरी खोकलं. पडद्यावर कोपऱ्यात ते बटण असायचं ना, मागचं उघडा, ते मी डोळ्यांसमोर शोधत होते, शप्पथ सांगते. मग मी एक उचलली आणि भाऊकाकांनी उघडून वाचली.

बुजवायचं.

त्या वेळी मला बोलता आलं असतं. ‘मी लबाडी केली, ही चिठ्ठी धरू नका’ एवढं एक वाक्य. घरात मार बसला असता, देवीपुढे नाक घासावं लागलं असतं, पण चिठ्ठी रद्द झाली असती. मी अण्णांकडे पाहिलं. ते माझ्याकडेच बघत होते. तोंड थोडं उघडलं होतं, जणू काही म्हणणार आहेत. मग त्यांनी ते मिटलं, देवीला हात जोडले आणि तिसऱ्या दिवशी सही केली. मला जवळ घेऊन म्हणाले, ‘तुझा हात नव्हता तो बाय, देवीचा होता.’ ती माया मला चटक्यासारखी लागली.

भराव यायला लागला. कुठल्या तरी पाडलेल्या इमारतींचा. फरशा, निळ्या रंगाच्या न्हाणीचा तुकडा, एका दाराची चौकट, कुणाच्या तरी घरातलं देव्हाऱ्याचं कळसासारखं टोक. डंपर उलटा झाला की बावखलातून एक उसासा यायचा. बेडूक रस्त्यावर आले आणि चाकांखाली गेले. आईने त्या दिवसांत खिडक्या लावून घेतल्या. पहिल्या उन्हाळ्यात काही कळलं नाही. दुसऱ्या उन्हाळ्यात डाळ शिजेना. आई पुन्हा पुन्हा पाणी घालायची, डाळ तशीच टणक. मग चहा फाटायला लागला. केळीच्या पानांच्या कडा भाजल्यासारख्या तपकिरी झाल्या आणि घड पोसेनासे झाले. आई एके दिवशी पानाची कड बोटांनी चुरून म्हणाली, ‘मीठ चढलं.’ त्यानंतर मांडवावर सुकेळी पडली नाहीत. निलेशदादाचं लग्न झालं, जागा मिळाली, चौथ्या मजल्यावर. त्याच्याही नळाला खारंच पाणी यायचं. गेमला मी पुन्हा हात लावला नाही असं लिहिलं तर शोभून दिसेल, पण ते खरं नाही. मी वेड्यासारखी खेळले. बेटावर विहिरी खणत, तळी खणत, एकही मरू न देता. उठले की तोंडात खारट चव.

आता मी नालासोपाऱ्याला आचोळ्यात राहते, सातव्या मजल्यावर. आमच्या सोसायटीत पाण्याचं बघायचं काम माझ्याकडे आहे, म्हणजे दर दोन दिवसांनी टँकरवाल्याला फोन करणं. माझी मुलगी कॉलेजात आहे. ती मोबाईलवर जगातले सगळे प्रश्न एका जागी बसून सोडवते. वितळणारा बर्फ, जळणारी जंगलं, सगळ्यांसाठीच्या ऑनलाइन अर्जांवर सही करते. मी तिला हसत नाही. हसायचा अधिकार मला कुठे आहे? मागे एकदा तिने विचारलं, ‘आई, पण याने काही होतं का गं, सांग ना खरं?’ मी भाजी निवडत होते, निवडत राहिले. मला तिला सांगायचं होतं की एका माणसाचा ‘नाही’ पुरत होता, चार महिने पुरला होता. त्यावर जग नाही, पण एक विहीर तरली होती. तो ‘नाही’ मी माझ्या हाताने फाशांच्या हवाली केला, कारण मला वाटलं फासे माझ्या मुठीत आहेत. पण हे कोथिंबीर निवडता निवडता सांगता येत नाही.

आई गेल्यावर अण्णा माझ्याकडे आले. शेवटची दोन वर्षं गॅलरीत खुर्ची टाकून बसायचे, खाली गाड्या बघत. एका दुपारी मुलगी बाहेर होती, घरात आम्ही दोघेच. मला काय झालं कोण जाणे, मी त्यांच्या पायांशी खाली बसले आणि सगळं सांगून टाकलं. चीक, ठिपका, सोपट, सगळं. एवढ्या वर्षांनी. रडू येईल असं वाटलं होतं, तेही आलं नाही.

अण्णा खाली बघत होते. म्हणाले, ‘मना ठाऊक होतं.’

‘काय ठाऊक होतं?’

‘तुझी वही घेतली होती ना मी. पाठच्या पानावर डाग होते. पुढे वेळ लिवलेली. केळीत जन्म गेला माझा, मना कळंल नाय का?’

‘मग तुम्ही मला थांबवलं का नाही?’

‘म्हणून तर हो म्हटलं,’ अण्णा म्हणाले. त्यांचा आवाज अगदी साधा होता, पंपाचा पट्टा बसवताना बोलायचे तसा. ‘नाय म्हणून म्हणून थकलो होतो, बाय. भाऊ होता माझा तो. मना वाटलं, पोरीने सोय केली हाय, भांडणबी मिटंल आणि बावखलबी राहील. देवीवर नव्हता ठेवला मी भरवसा. तुझ्यावर ठेवला.’ मग थोड्या वेळाने, ‘सोपट बघितलं तेव्हा उठायला हवं होतं मी. काकूला म्हणायला हवं होतं. पण काय म्हणून म्हणणार?’

तेच. अगदी तेच. एकाच देवघरात चार हातांवर दोन माणसं तोंड मिटून उभी होती, दोघांनाही एकच भीती आणि एकच लाज, आणि मधे सोपटातून चीक झिरपत होता. आयुष्यात कधी खोटं न बोललेला माणूस एकदाच लबाडीच्या बाजूने गप्प बसला, तो माझ्यासाठी, आणि मी त्याला हरवलं. त्याने ते ओझं एवढी वर्षं एकट्याने वाहिलं आणि वर मला म्हणाला, देवीचा हात होता. मला त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवायचं होतं, पण धीर झाला नाही.

खाली टँकर आला होता. पंपाचा आवाज सुरू झाला. अण्णांनी मान किंचित तिरपी करून तो ऐकला, सांडोरला ऐकायचे तसा. मग म्हणाले, ‘पाणी दे गं जरा.’

मी उठले, माठातलं भांडंभर पाणी आणून दिलं. त्यांनी एक घोट तोंडात धरून ठेवला, हळूहळू गिळला, मग उरलेलं सगळं प्यायले.

‘गोडं हाय,’ अण्णा म्हणाले. ‘कुठच्या गावचं?’

मला माहीत नव्हतं. टँकरवाल्याला ते मी कधी विचारलंच नव्हतं.